‘तिथे तुमचं काय काम होतं?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गेल्या आठवड्यात मी ‘रत्नागिरीत चार दिवस’ हा लेख टाकला. त्यावर ‘एक रत्नागिरीकर’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा नवरा सीए आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या एका शाखेचं ऑडिट त्याच्याकडे आलं, म्हणून तो रत्नागिरीला गेला आणि मीही गेले. या गृहस्थांचं म्हणणं असं, की थिबा राजवाड्याबद्दल मी चुकीचं लिहिलं, बँकेच्या पैशावर सहल केली, मासळी बाजारात नुसते भाव विचारले आणि काही घेतलं नाही, शिवाय वाड्यांमधली कुलूपबंद घरं न बघताच गावाला ‘निवांत’ म्हणून टाकलं. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिलं वाक्य असं: “नवरा ऑडिटला गेला होता, तिथे तुमचं काय काम होतं, बाईसाहेब?”

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. घरचे म्हणाले, सोडून दे. नाही सोडवलं.

आधी चूक मान्य करते, म्हणजे मी ऐकूनच घेत नाही असं कुणी म्हणायला नको. ‘1886 पासून थिबा राजा या गच्चीत बसून समुद्राकडे बघत असे’ असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं, पण हा राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये. मधली चोवीस वर्षं तो कुटुंबासह दुसऱ्याच घरांत राहिला, आणि राजवाड्यात आल्यावर सहा वर्षांतच, 1916 च्या डिसेंबरमध्ये वारला. लेखातली ओळ दुरुस्त केली आहे. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे ही चूक मला तुमच्यापेक्षा जास्त लागली. तेवढ्यापुरते तुमचे मनापासून आभार.

बँकेच्या पैशाचं एका ओळीत संपवते. बँक ऑडिटरचा प्रवास आणि राहणं नियमाप्रमाणे देते, बायकोचं देत नाही. नवरा आदल्या दिवशीच आर्टिकलची, म्हणजे त्याच्या हाताखाली सीएचं काम शिकणारी, दोन मुलं घेऊन गाडीने पुढे गेला. मी दुसऱ्या दिवशी सांगलीहून एसटीने निघाले, कोल्हापूर आणि आंबा घाटमार्गे, 2023 पासून बायकांना मिळतं त्या अर्ध्या तिकिटात. लॉजवर दुसऱ्या माणसाचे वरचे पैसे माझ्या पेन्शनमधून गेले. पावती माझ्याकडे आहे, पण ती मी तुम्हाला का दाखवावी?

आता त्या पहिल्या वाक्याकडे येते. तुमच्या प्रतिक्रियेत ‘बाईसाहेब’ तीनदा आलं आहे. एकदा आलं असतं तर आदर समजले असते. तीनदा आल्यावर त्याचा अर्थ काय होतो ते कुठल्याही मराठी माणसाला कळतं, आणि तुम्हालाही लिहिताना कळत होतं. मला तुम्ही कोण ते माहीत नाही, वय माहीत नाही, आणि समोर भेटलात तर असं बोलाल असंही वाटत नाही. पण लिहिलंत, आणि ते माझ्या वाचकांनी वाचलं.

‘तिथे तुमचं काय काम होतं?’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. वडील पाटबंधारे खात्यात होते आणि महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर असायचे. एका मे महिन्यात त्यांना कामासाठी मालवणला जायचं होतं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता, त्यांच्याकडे न बघता तिने विचारलं, “मी येऊ का या वेळी?” बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखरच कोड्यात पडल्यासारखं विचारलं, “तिथे तू काय करणार?” आईने पोळी तव्यावर टाकली आणि पुढची लाटायला घेतली. विषय संपला. चौतीस वर्षांच्या त्यांच्या नोकरीत तिने तो पुन्हा काढला नाही.

आईने समुद्र पाहिला तो एकसष्टाव्या वर्षी, भजनी मंडळाच्या बसने, गणपतीपुळ्याला, आणि तोही दीड तास. घरी आली तेव्हा नऊवारीच्या काठाला खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ उमटली होती. ते लुगडं तिने आठ दिवस धुतलं नाही, खुंटीला तसंच ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, “असू दे गं.” तेव्हा, रत्नागिरीकर, तुम्ही ते वाक्य सहज लिहिलंत, पण मी ते सहज वाचू शकत नाही.

आणि माझ्या बाबतीत म्हणाल तर माझं तिथे काम होतं. खरंच होतं.

एकतीस वर्षं एप्रिल म्हणजे त्याचं ब्रँच ऑडिट आणि माझे वार्षिक परीक्षेचे पेपर. तो कधी देवगडला, कधी श्रीवर्धनला, आणि मी घरी सहामाहीचे गुण वार्षिकच्या शेजारी उतरवत बसलेली. दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांना मी फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि सूर्य काढून भरती-ओहोटी शिकवली. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास बारा मिनिटं. भरतीला रोज पन्नास मिनिटं उशीर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीला भांग म्हणजे लहान भरती. हे सगळं मी सांगलीत, समुद्रापासून इतक्या लांब, रंगीत खडूने शिकवलं आणि एकदाही पाणी पूर्ण उतरून पूर्ण चढताना स्वतः पाहिलं नव्हतं. सहलीला गेलो की दोन तासांत शिट्टी वाजते, मुलं मोजायची आणि बसमध्ये बसायचं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. या वेळी मार्चअखेरीला नवऱ्याला रत्नागिरीची शाखा मिळाली तेव्हा मी त्याला विचारलं नाही, सांगितलं, की मी येणार आहे.

तो सकाळी पावणेनऊला शाखेत जायचा. एनपीएच्या म्हणजे थकलेल्या कर्जांच्या याद्या, कर्जाच्या फायली, एलएफएआर नावाचा तो लांबलचक ऑडिट अहवाल, आणि वर रोज रात्री बँकेच्या विभागीय कार्यालयाचे फोन. साडेनऊच्या आत कधी परतला नाही. म्हणजे मधले बारा तास माझे. ते मी ‘लॉजवर झोपून’ काढले असं तुम्ही गृहीत धरलंत.

पहिल्याच दिवशी राजिवड्याच्या बाजूला एक चाचा जाळं घेऊन बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून, फाटलेलं एकेक भोक विणत. मी विचारलं, पाणी कधी भरेल? त्यांनी वर न बघता मलाच विचारलं, “आज तिथी कोणती?” मी म्हटलं पंचमी. म्हणाले, “पाऊणपट करा.” पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. मी घड्याळ बघत थांबले. त्यांच्या हिशेबाच्या थोडं आधीच पाणी भरून थांबलं. थांबलं म्हणजे दिसतं तसं, होड्यांचे दोर सैल पडले आणि काजळी नदीच्या मुखाशी तरंगणारा नारळाचा एक झाप ना आत जाईना, ना बाहेर. दहा-पंधरा मिनिटं तो जागच्या जागी गोल फिरत राहिला. मग हळूच भाट्याच्या खाडीतून समुद्राकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. तिसऱ्या दिवशी सव्वापाच. मी मांडवी किनाऱ्यावरच्या जेटीपाशी एक शेवाळलेला दगड धरून ठेवला होता आणि पाणी त्याला कधी लागतं ते वहीत लिहीत होते. माझ्या लक्षात आलं, की रोजचा उशीर पन्नास मिनिटांचा नव्हता. अष्टमी जवळ येत गेली तसा तो वाढत गेला, तासाच्या वर गेला, आणि पाणी माझ्या दगडावर आदल्या दिवसाइतकं चढेनासं झालं. म्हणजे पन्नास ही नुसती सरासरी. उधाणाच्या दिवसांत उशीर कमी, भांगाच्या दिवसांत जास्त. एकतीस वर्षांत एकाही मुलाला मी हे सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. त्या दगडाशेजारी उभं राहून मला रडू आलं, हे मी लेखात लिहिलं नव्हतं. तुमच्यामुळे इथे लिहिते आहे.

मांडवीची वाळू काळी का आणि तिथल्याच ‘पांढरा समुद्र’ नावाच्या किनाऱ्याची पांढरी का, हेही मी शिकवलं होतं. इल्मेनाइट हा काळ्या वाळूतल्या खनिजाचा शब्द मुलांकडून दहा-दहा वेळा लिहून घेतला होता. तिथे माझ्या पर्सचं चुंबकाचं बटण वाळूला लागलं आणि त्याला काळ्या कणांची बारीक दाढी फुटली. घरी आल्यावर मी ते कण एका काडेपेटीत भरून ठेवले. शेजारची सहावीतली मुलगी रोज येऊन काडेपेटीखालून चुंबक फिरवते.

रात्री नवरा आला की आम्ही मासे खायला जायचो. शाखेतल्या एसीने त्याचे हात गार पडलेले असायचे, कफांवर फायलींची धूळ. बसल्याबरोबर पहिला प्रश्न, “आज कुठवर आलं पाणी?” मी वही काढून दाखवायची. तो आकड्यांचाच माणूस, वहीतली माझी एक वजाबाकी त्याने सुरमई येईपर्यंत दुरुस्त केली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि एप्रिल महिन्यात आम्ही एका टेबलाशी बसून एकमेकांचं काम ऐकलं, असं या पस्तीस वर्षांत पहिल्यांदा घडलं. याला तुम्ही ‘नवऱ्याच्या बॅगेला लटकून जाणं’ म्हणता. म्हणा. तुमच्या घरी कुणी कुणाबरोबर कधी गेलं नसेल तर त्याला माझा इलाज नाही.

थिबा राजवाड्याच्या गच्चीत मी भर दुपारी बसले होते ते त्या राजापेक्षा राणीसाठी. सुपयालत त्याच्याबरोबर आली आणि तिने तीसहून जास्त वर्षं इथे काढली. राजा गेल्यावर, 1919 मध्ये, ती परतली. तिलाही कुणी विचारू शकलं असतं, राज्य त्याचं गेलं, तिथे तुमचं काय काम? तुम्ही म्हणाल, ती राणी आणि कैदेतली, तुमच्याशी तिचा काय संबंध. असेल नसेल. मला त्या लाकडी गच्चीत बसल्यावर तीच आठवली.

मासळीचं म्हणाल तर लॉजवर चूल नव्हती. मिरकरवाड्यात भाव विचारले ते कुतूहलाने, आणि त्या बाईने हसून सांगितले. तिला राग आला नाही, तुम्हाला आला. कुलूपबंद घरं, मुंबईला गेलेली मुलं, आंब्याचं नुकसान, हे सगळं असेल, आहेच. पण मी गावाचा अहवाल द्यायला गेले नव्हते. चार दिवसांत जे दिसलं ते लिहिलं. ‘निवांत’ हा शब्द मला भेटलेल्या दुपारींबद्दल होता, तुमच्या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेबद्दल नव्हता. त्यावर तुम्हाला लिहायचं असेल तर तुम्ही लिहा, तुमचं गाव आहे, मी आवडीने वाचेन.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. काही वाचकांनी सुचवलं, पण नाही. राहू दे ती तिथेच, माझ्या उत्तराच्या वर.

पुढची शाखा कुठली मिळते ते मार्चअखेरीला कळेल. समुद्राकाठची मिळाली तर मी जाणार आहे, आणि या वेळी अमावास्येच्या आसपासचे दिवस मिळाले तर उधाणाचं मोजमाप करणार आहे. वही तीच नेणार आहे, अर्धी कोरी आहे.

आणि पुन्हा लिहिलंत तर बाईसाहेब नको. ताई म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका.