नव्या क्षेत्र अधिकाऱ्याला चार हिताच्या गोष्टी

प्रदूषण मंडळात क्षेत्र अधिकारी म्हणून रुजू झालात, अभिनंदन! एमआयडीसीतली हवा पहिले आठ दिवस घशाला लागेल, मग सवय होते. तोवर १९७४ च्या कायद्याचं नुसतं नाव वाचा: जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम. प्रतिबंध आधी, नियंत्रण नंतर. आता कार्यालयाची पाटी वाचा. प्रदूषण नियंत्रण मंडळ. आधीचा शब्द वाटेत कुठे गळाला, हे शोधायच्या भानगडीत पडू नका. पाटीवर दोन्ही मावले नसतील.

कलम १७ मात्र उघडू नका. त्यात मंडळाची कामं दिली आहेत, आणि प्रदूषण रोखण्याचा सर्वंकष कार्यक्रम आखून तो तडीस नेणं, हे पहिलंच काम. पुढे माहिती गोळा करा, ती लोकांपर्यंत पोचवा, संशोधनाला उत्तेजन द्या... वाचलंत तर झोप उडेल. उद्या रंगाच्या कारखान्यातला एखादा उत्साही इंजिनिअर विचारायला येईल, "साहेब, शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरलं तर सांडपाणी कमी होईल. मंडळ काही मार्गदर्शन करेल का?" घाबरू नका. चहा पाजा आणि सांगा, आधी संमतिपत्रात, म्हणजे कारखाना चालवायच्या मंडळाच्या परवानगीत, बदलासाठी अर्ज करा. परत येणार नाही. सांडपाणी मुळात निघालंच नाही, तर आपण तपासायचं काय?

खरी परीक्षा पावसाळ्यात. रात्री सर जोराची आली की नाल्याला अचानक रंग चढतो. सकाळी गावातले कुणी काका बिसलेरीच्या बाटलीत तांबडं पाणी आणून टेबलावर ठेवतील. झाकण उघडू नका, जेवणाची वेळ जवळ आलेली असते. काकांना अदबीने कलम २१ समजावा: नमुना अधिकृत माणसानेच घ्यायचा, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील, वर दोघांच्या सह्या. मग हळूच विचारा, "काका, तुमच्या बाटलीवर कारखानदाराची सही कुठाय?" काका बाटली फिरवून फिरवून बघतात. बघू द्या.

"मग तुम्हीच चला" असं म्हणालेच, तर गाडी मीटिंगला गेलीय. दुपारी तीनला पोचाल तेव्हा आउटलेटवर गोड्या पाण्याचा पाइप सोडलेला असेल आणि सांडपाणी मोजणाऱ्या ऑनलाइन मीटरचा प्रोब स्वच्छ पाण्याच्या बादलीत निवांत डुंबत असेल. तेच पाणी कॅनमध्ये भरा, बर्फात ठेवा, लाख लावा. बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते हे मोजायच्या, चाचणीला २७ अंशांवर तीन दिवस लागतात. मासे तेवढे थांबत नाहीत, पण तो त्यांच्या खात्याचा प्रश्न.

रंगाचं मात्र जपा. २०१७ मध्ये तळोज्याची कुत्री निळी झाली, २०२० मध्ये डोंबिवलीचा रस्ता गुलाबी झाला, आणि थेट मुख्यमंत्री पाहणीला! बिनरंगी विषाला असला मान मिळत नाही. तेव्हा कारखानदारांना बिनरंगी रसायनांकडे वळवा. कुणी विचारलंच, तर हाही प्रतिबंधच आहे. बातमीचा.

लोकशिक्षणही कलम १७ मध्येच येतं. त्यासाठी ५ जूनला शाळेत चित्रकला स्पर्धा घ्या. फक्त विषय 'आमची नदी' ठेवू नका. पोरं दिसतं तेच रंगवतात, आणि तपकिरी खडू पहिल्या दहा मिनिटांत संपतो. 'वसुंधरा' बरा, ती कुणी पाहिलेली नसते.

आणि हो, काकांची बाटली टेबलावरच राहिली असेल. ती कार्यालयातल्या कुंडीत ओतू नका. पर्यावरण दिनाची कुंडी आहे, फोटोपुरती तरी जगायला हवी.