‘वीस हजारांत आय-सेव्हन’ : त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. अकरावा आमच्याच गल्लीतला, फौंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) साच्यांचे पॅटर्न करून देणारा. त्याने खाली विचारलं होतं, “घेऊ काय?” एवढ्याशा प्रश्नाला ‘नको’ म्हणून भागत नाही, म्हणून हे लिहितो.

मेसेज थोडक्यात असा : “महिन्यातून दोन दिवस कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांनी नव्या लॅपटॉपवर पैसे उधळू नयेत. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला बिझनेस लॅपटॉप वीस हजारांत मिळतो. आय-सेव्हन असतो, नव्या आय-थ्रीपेक्षा कधीही भारी. मिलिटरी ग्रेड, पडला तरी काही होत नाही. बॅटरी नवी टाकून देतात. विंडोज इलेव्हनही टाकून मिळतं. वॉरंटीची गरज नाही, पार्ट कुठेही मिळतात.” शेवटी ‘जनहितार्थ’.

मी कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या छोट्या युनिटांची मशिनं बघतो. नवे लॅपटॉप विकत नाही. उलट लोकांनी जुने घेतले तर माझाच गल्ला वाढतो. आणि जुन्या बिझनेस लॅपटॉपशी माझं वैर नाही. मी स्वतः लेनोव्होचा २०१८ सालचा थिंकपॅड टी४८० वापरतो. माझा राग एवढ्यावरच आहे की सबंध मेसेजात लॅपटॉप किती वर्षांचा, याबद्दल चकार शब्द नाही.

“आय-सेव्हन नव्या आय-थ्रीपेक्षा कधीही भारी.” हे साफ चूक. सेव्हन, फाइव्ह, थ्री या इंटेलच्या प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूच्या, त्या त्या वर्षीच्या पायऱ्या. २०१५च्या सुमाराचा आय-सेव्हन ६६००यू घ्या : दोन कोअर (काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). २०२२चा आय-थ्री १२१५यू : सहा कोअर, आठ थ्रेड. एक्सेलची मोठी शीट उघडी ठेवून व्हिडिओ कॉल लावला की हा फरक पंख्याच्या आवाजावरूनच कळतो. पिढी ओळखायची तर नावापुढचा आकडा बघायचा. ६६०० म्हणजे सहावी, ८२५० म्हणजे आठवी, १२१५ म्हणजे बारावी. दुकानदार “आय-सेव्हन आहे साहेब” एवढंच म्हणून थांबला तर पुढचा आकडा सांगायची त्याची इच्छा नाही असं समजा.

नव्या मालातही हा खेळ चालतो बरं का. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचं रायझन फाइव्ह ७५२०यू हे नाव ७००० मालिकेचं, पण आतली रचना जुनी, झेन-टू नावाची. त्यात तिसरा आकडा २ आहे, तोच चुगली करतो. स्टिकर बघून घेणारा नव्यातही फसतो.

“विंडोज इलेव्हन टाकून मिळतं.” टाकून मिळतं, यात वाद नाही. मीही अर्ध्या तासात टाकून देतो. पण इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते (सातवीतले मोजके अपवाद सोडून), शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्याखालच्या मशिनवर तपासणी चुकवून टाकलेल्या विंडोजला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आता ज्या लॅपटॉपवर तुम्ही लॉजच्या वायफायवरून नेटबँकिंग करणार, जीएसटीचं रिटर्न भरणार, तो असा अधांतरी ठेवायचा का? घरी पोरांना गाणी ऐकायला असता तर मी काही बोललो नसतो. म्हणून माझी लक्ष्मणरेषा आठव्या पिढीची : लेनोव्होचा टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ आणि त्यापुढचे. योगायोग असा की पातळ लॅपटॉपांतल्या आय-फाइव्हला दोनाऐवजी चार कोअर मिळाले तेही याच पिढीत.

“मिलिटरी ग्रेड.” एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचण्यांचं पुस्तक आहे. खातं कुणाला प्रमाणपत्र देत नाही. कोणत्या चाचण्या करायच्या ते कंपनीच ठरवते. त्यातल्या एका चाचणीत वस्तू चार फुटांवरून २६ वेळा पाडतात, पण त्या २६ पडण्या पाच नगांमध्ये वाटून घ्यायची मुभा आहे. आणि पडलेले नग कोरे करकरीत असतात. आठ वर्षं उघडझाप झालेल्या बिजागरीची ती परीक्षा नव्हे.

बॅटरीवर मात्र जरा बैठक मारून बोलायला हवं, कारण प्रवासात दगा देते ती हीच. माझं एक गिऱ्हाईक चाकणला पार्टीकडे रेट दाखवायला बसलं. बॅटरी ६८ टक्के दाखवत होती आणि लॅपटॉप पटकन बंद. चार्जर गाडीत, गाडी गेटबाहेर. रेट शेवटी कागदावर लिहून दिले.

‘नवी बॅटरी’ याचा अर्थ बहुतेक वेळा स्थानिक बनावटीची, चालून जाणारी बॅटरी. टी४८०मध्ये तर दोन असतात, एक आत आणि एक मागून निघणारी. मागची बदलतात, आतली बहुधा तीच, कंपनीतून आलेली. उपाय फुकट आहे. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देतं. मूळ क्षमता किती होती आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर किती भरते, हे दोन आकडे त्यात शेजारी असतात. ५० वॅट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) जागी ३० दिसले तर ६० टक्केच उरली. दुकानात, पैसे द्यायच्या आधी, हा अहवाल मागा.

दुसरं, चार्जिंग टाइप-सीवरून होतं का ते बघा. मेसेजात ज्या किमतीचे आय-सेव्हन सांगितलेत, ते बरेचसे चौकोनी किंवा गोल पिनवाले. चार्जर घरी राहिला की संपलं. टाइप-सी असेल तर ६५ वॅटचा एकच चार्जर फोनला आणि लॅपटॉपला पुरतो, विसरलात तर कुणाकडेही मागता येतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये एका पॉइंटवर तीन मोबाइल लोंबकळत असतात, तिथे फार भरवसा ठेवू नका. पॉवर बँक घेणार असाल तर ४५-६५ वॅट देणारी घ्या, फोनची साधी उपयोगाची नाही. विमानात १०० वॅट-अवरपर्यंत अडचण येत नाही (२०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४), पण पॉवर बँक आणि सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच. चेक-इनच्या सामानात टाकायची नाही.

“वॉरंटीची गरज नाही.” कीबोर्ड, स्क्रीन, बॅटरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, खरं आहे. मदरबोर्ड गेला तर? मला तो मागवून बसवायला आठवडा जातो, आणि तुमची मीटिंग उद्या सकाळी. दुकानदार जी ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतो ती लॅपटॉप त्याच्या काउंटरवर आणून दिला तरच. नव्यालाही हाच प्रश्न विचारा : माणूस घरी येणार की मशीन सेंटरवर न्यायचं? ऑनसाइट वॉरंटी असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

किमतीची तुलनाही मेसेज अर्धवट करतो. जीएसटी नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा नंबर असेल तर ४५ हजारांच्या नव्या लॅपटॉपमधले १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे ६,८६० रुपये क्रेडिटला येतात, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतात. वर आयकरात कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा. (जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्यांना क्रेडिट नाही.) जुन्याचं बिल अनेकदा नसतंच, असलं तरी मार्जिन स्कीमचं (दुकानदार फक्त आपल्या नफ्यावर कर भरतो ते), म्हणजे क्रेडिट शून्य. त्यामुळे फरक पंचवीस हजारांचा न राहता अठराच्या आसपास येतो. तोही कमी नाही, कबूल.

जुन्यांच्या बाजूनेही सांगतो. त्यांना यूएसबीची रुंद पोर्टं असतात, डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) सरळ लागतं. नव्या पातळ लॅपटॉपला हब जोडावा लागतो आणि तो हब नेमका टेंडर भरायच्या दिवशी सापडत नाही. जुन्यांचा कीबोर्डही उत्तम. फक्त दोन गोष्टी तपासा. एक, बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना. विंडोज कोरं करून इंटरनेट जोडलं की त्याच कंपनीचं लॉगिन पान येतं, असेही नग बाजारात फिरतात. दोन, स्क्रीन १३६६ बाय ७६८ची, बाजूने बघितल्यावर काळी पडणारी नको. समोर बसलेल्या माणसाला तुमचं ड्रॉइंग दिसायला हवं.

पॅटर्नवाल्याला मी एवढंच विचारलं, आय-सेव्हन म्हणजे पुढे काय आकडा? संध्याकाळी त्याने स्टिकरचा फोटो पाठवला. ६६००यू. भाव एकोणीस हजार. त्याला ड्रॉइंगची पीडीएफ, कोटेशन आणि टॅली एवढंच लागतं, म्हणून नव्याचा आग्रह मी धरला नाही. तीन दुकानं फिरल्यावर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅमचा, तेवीस हजारांना मिळाला. पहिल्या दोन दुकानांनी बॅटरीचा अहवाल काढू दिला नाही.