स्पिट्झची फेरीबोट चुकवू नका

पासाऊ ते व्हिएन्ना या डॅन्यूबकाठच्या सुमारे ३२० किमीच्या सायकलवाटेवरचा लेख आवडला, पण मेल्क ते क्रेम्स हा ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्याचा टप्पा दोन ओळींत आटोपलात याची चुटपुट लागली. माझ्या मते सगळ्या वाटेचा जीव तिथेच आहे.

मेल्कहून दक्षिण काठाने निघावं. तिकडे गाड्या फारच कमी. आर्न्सडॉर्फला फेरीबोटीत सायकल चढवून पलीकडे स्पिट्झला उतरावं. या बोटीला इंजिन लागत नाही; नदीवर ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. आवाज नाही, धूर नाही. मला ती पाच मिनिटं अजून आठवतात!

पुढे व्हाइसनकिर्शन, ड्युर्नश्टाइनपर्यंत वाट द्राक्षमळ्यांमधून जाते. उभ्या उतारावरचे ते दगडी बांध आपल्या कोकणातल्या गडग्यांसारखे बिनचुन्याचे, हाताने रचलेले. शतकानुशतकं कुणीतरी ते पडले की पुन्हा उभे करतंय. जुलैत गेलात तर जर्दाळूही खा, ताजे, झाडावर पिकलेले.

आणि ही वाट मुळात घोड्यांची. प्रवाहाविरुद्ध बोटी ओढणारे घोडे या काठाने चालत, म्हणूनच चढ जवळपास नाहीत. माझ्या पासष्टीच्या आईने हा टप्पा सहज पार केला.