दावं तोडून गेलेली म्हैस : ‘एक राजापूरकर’ यांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नुसतं ‘एक राजापूरकर’ असं लिहिलंय, म्हणून त्याच नावानं हाक मारते. तुम्ही मनापासून चिडून लिहिलंय. त्याला ‘वाचल्याबद्दल आभार’ एवढ्यावर वाटेला लावणं मला पटेना, म्हणून हे सविस्तर उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. आडवाटेच्या विचित्र सिनेमांवरचा माझा मागचा लेख वाचून तुम्ही रविवारी जेवणं आटोपल्यावर घरच्यांना टीव्हीसमोर बसवलंत आणि ‘अंकल बूनमी’ लावलात. सुरुवातीला बराच वेळ एक म्हैस. मग जेवणाच्या टेबलावर मेलेली बायको येऊन बसली आणि कुणी ओरडलंसुद्धा नाही. मुलगा मोबाइल घेऊन आत गेला, वहिनी उठून विरजण लावायला गेल्या, आणि पाऊण तासानं तुम्ही टीव्ही बंद केलात. तुमचे आक्षेप तीन. हे सगळे पुण्या-मुंबईच्या महोत्सवांतले चोचले आहेत. ‘शक्यतो थिएटरात बघा’ असं मी लिहिते, पण रत्नागिरीला येऊन रात्रीचा खेळ बघितला तर राजापूरला परतायला एसटी कुठाय? आणि तिसरा, मला सगळ्यात झोंबलेला : “जे कळत नाही ते थोर, असा तुमचा हिशेब दिसतो.”

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तिथं चूक माझी आहे. मी रत्नागिरीत राहते. स्कूटर काढली की दहा-पंधरा मिनिटांत थिएटर. त्या सोयीत बसून मी ‘थिएटरात बघा’ लिहिलं आणि राजापूर, देवगड, मंडणगडच्या माणसानं काय करायचं याचा विचार केला नाही. आणि रत्नागिरीत तरी काय, वेगळा सिनेमा आला तर एकच खेळ मिळतो, तोही दुपारच्या अडनिड्या वेळेला, आणि शुक्रवार उजाडला की पोस्टर उतरलेलं असतं. तेव्हा ते वाक्य मी मागे घेते.

पण घरी बघणं म्हणजे दुय्यम, असंही मी आता म्हणणार नाही. ‘तुंबाड’चंच बघा. तुंबाड हे आपल्या खेड तालुक्यातलं गाव, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाला आधीपासून ओळखीचं. २०१८ च्या ऑक्टोबरात सिनेमा आला तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी गेले होते. हॉलमध्ये आम्ही मोजून अकरा जण. पडद्यावर पाऊस कोसळत होता, आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये तो आपल्याच अंगावर पडतोय असं वाटत होतं. त्यानंतर लोकांनी तो घरोघरी बघितला, एकमेकांना सांगितला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्या वेळी मला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली. शेजारी कॉलेजची मुलं बसली होती, त्यांना संवाद पाठ होते. सहा वर्षं घरोघरच्या पडद्यांवर तो सिनेमा जगला, म्हणून थिएटरनं त्याला परत बोलावलं. कमल स्वरूप यांच्या ‘ओम दर-ब-दर’ला तर याहून जास्त वाट बघावी लागली. १९८८ साली पुरा झालेला सिनेमा रीतसर थिएटरात लागला २०१४ च्या जानेवारीत. मधली सगळी वर्षं त्याच्या घासून पुसट झालेल्या व्हिडिओ कॅसेटी या हातातून त्या हातात फिरत राहिल्या.

आता पुण्या-मुंबईचे चोचले. याला मी साफ नाही म्हणते. आपल्याच अरबी समुद्राच्या काठी, खाली केरळात, जॉन अब्राहम नावाच्या दिग्दर्शकानं १९८४ साली मित्रांना घेऊन ‘ओडेसा’ नावाचा गट काढला. गावोगाव फिरून, सिनेमे दाखवून, लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी ‘अम्मा अरियान’ केला. १९८६ चा हा सिनेमा. त्याची मांडणी आजही भल्याभल्यांना अवघड जाते, आणि पैसा मात्र साध्यासुध्या लोकांचा. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीपुस्तकं फिरतात तशी त्यांनी सिनेमासाठी झोळी फिरवली.

आणि आपल्या गावांत तरी विचित्र काही बघायची सवय नाही असं कसं म्हणू? तुम्ही राजापूरकर, म्हणजे नमन, आपलं कोकणातलं रात्रीचं लोकनाट्य, बघतच मोठे झालात. रात्री दहाला मृदंगावर थाप पडते. गणपती येतो, नाचून जातो. काळा पेहराव, टोकदार टोपी, कमरेला घुंगरं असा संकासूर येतो आणि लहान पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात. मिशा काढलेला बाप्या गवळण होऊन येतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. थोडं खाली सिंधुदुर्गात गेलात की दशावतार. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी, आणि मांडावर सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, शंकर बसला की कैलास. त्या बाकड्याकडे बोट दाखवून “हे कैलास कसं काय?” असं विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. विचित्र गोष्ट स्वीकारायची जी ताकद लागते ती आपल्या माणसांत उपजत आहे. महोत्सवाचा पास गळ्यात घालून ती शिकावी लागत नाही.

मग तुमच्या घरी असं का झालं? यावर माझ्याकडे तर्क नाही, एक अनुभव आहे.

लांज्याजवळ आमच्या काकीचं घर आहे. काकी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शाळा चौथीपर्यंत. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात भाच्यानं छोटा प्रोजेक्टर आणला होता. पडवीत पांढरं धोतर ताणून बांधलं, बाहेर खळ्यातला दिवा मालवला, दोन स्पीकर दोन खांबांना टेकवून ठेवले, आणि मी ‘अंकल बूनमी’ लावला. थायलंडच्या अपिचतपाँग वीरसेतकुल यांचा सिनेमा, २०१० साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालेला. हे काकीला मी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की एक म्हातारा आहे, मूत्रपिंडं गेलीत, चिंचेची बाग आहे, आणि आता त्याचे थोडे दिवस उरलेत. खालची इंग्रजी अक्षरं मी तिच्या कानाशी मराठीत वाचत होते.

ती म्हैस आली. तिन्हीसांजेची वेळ, झाडाला बांधलेली म्हैस दावं ओढतेय, ओढतेय, आणि तुटतं. ती रानात शिरते. एक माणूस तिला शोधून परत आणतो. तुम्हाला हे लांबट वाटलं. काकी मात्र पुढं सरकून बसली. आयुष्यभर गोठा सांभाळलेली बाई ती. दावं तुटल्यावर ती म्हणाली, “गाभण आसंल. नायतर ह्या वेळेला रानात कशाला जाईल?” पुढची दहा मिनिटं तिचा जीव त्या म्हशीत होता.

मग जेवणाचा प्रसंग. बूनमी, त्याची मेहुणी आणि भाचा व्हरांड्यात जेवायला बसलेत. बाहेर रातकिडे. रिकाम्या खुर्चीवर हळूहळू कुणीतरी उमटायला लागतं, आधी धुरासारखं, मग ठसठशीत. बूनमीची वारलेली बायको. जेवणारे क्षणभर दचकतात आणि मग तिच्याशी बोलायला लागतात. तेवढ्यात जिन्यातून दोन लाल डोळे वर येतात, अंगभर काळे केस. हरवलेला मुलगा, आता माकडाचं भूत झालेला. आणि त्याची मावशी त्याला काय विचारते? केस एवढे का वाढवलेस! भाच्याची मुलगी घाबरून माझ्या मांडीवर चढली. काकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. “भितेस कशाला? घरचंच माणूस ना ते? मेलेलं माणूस घरात येतं ते काय रस्ता चुकून?”

त्या पडवीत बाहेरच्या रातकिड्यांचा आवाज आणि सिनेमातल्या रातकिड्यांचा आवाज एक झाला होता. कुठला कुठून येतोय ते कळत नव्हतं. सिनेमाचा निम्मा जीव त्या आवाजात आहे. टीव्हीच्या पाठीमागच्या एवढ्याशा स्पीकरमधून, ट्यूबलाइटच्या उजेडात, फोन वाजत असताना तो पोचत नाही. तुमच्या घरच्यांचा यात काही दोष नाही. तो कसा लावायचा हे मी लेखात सांगायला हवं होतं.

आता तिसरा आक्षेप, कळत नाही ते थोर. नाही हो, असं मी मानत नाही. विचित्र म्हणून गाजलेले कितीतरी सिनेमे मला पोकळ वाटतात. गोष्ट सरळ सांगता आली नाही म्हणून तुकडे करून फेकलेले, किंवा नुसतं अंगावर यावं म्हणून रक्त ओतलेले. मी एकच गोष्ट बघते : सिनेमानं जो नियम घातला तो शेवटपर्यंत पाळला का? बूनमीच्या जगात मेलेले जेवायला येतात. ठीक. मग पुढं कुणी ते नाकारत नाही, त्याचा खुलासा देत नाही, स्वप्न होतं असं सांगून अंग काढून घेत नाही. नमनातला संकासूर असाच नियमानं वागतो. त्याच्या जगात आपण पाहुणे असतो.

कळण्याचं म्हणाल तर एक उदाहरण देते. ‘हाउसु’ नावाचा जपानी सिनेमा आहे, १९७७ चा, नोबुहिको ओबायाशी यांचा. त्यांनी आपल्या शाळकरी मुलीला विचारलं होतं, तुला कशाची भीती वाटते? तिनं जे सांगितलं त्यातलं बरंच काही त्यात आलं. पियानो मुलीची बोटं चावतो, मग अख्खी मुलगीच गिळतो. रंग भडक, चित्रं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी. पहिल्यांदा बघाल तर म्हणाल, हे काय खुळ्यासारखं! पण गोष्ट काय आहे? उन्हाळ्याच्या सुट्टीत सात मुली एकीच्या मावशीच्या जुन्या घरी राहायला जातात. मावशी एकटी. तिचा ठरलेला नवरा लढाईवर गेला तो परतला नाही, आणि ती वाट बघत त्या घरात राहिली. ते घर आता आलेल्या मुलींना एकेक करून खातं. मुली कलिंगड थंड करायला विहिरीत सोडतात, आणि नंतर ते काढायला गेलेल्या मुलीच्या हाती मैत्रिणीचं मुंडकं लागतं.

मे महिन्यात आजोळी गेलेल्या, विहिरीत फणस-कलिंगड सोडणाऱ्या आपल्या पोरांना हे समजावून सांगावं लागेल का? आणि माणूस मुंबईला गेला, तिकडंच राहिला, आणि एक बाई पन्नास वर्षं माजघरात दिवा लावत बसली, अशी किती घरं तुमच्या-माझ्या वाडीत आहेत! मला ‘हाउसु’ बघताना हसू आलं आणि शेवटी रडू आलं. माझ्या आजोळच्या घराला आता कुलूप आहे. त्या घराची भूक मला त्या जपानी घरात दिसली. हे कुणी मला शिकवलं नाही, आणि तुम्हालाही शिकवावं लागणार नाही.

‘हाउसु’ मात्र लहान मुलांना दाखवू नका, रक्त आहे. दहावीच्या पुढच्यांना चालेल. आणि ‘ओम दर-ब-दर’ने सुरुवात तर मुळीच करू नका. बेडकांच्या पोटात हिरे निघणाऱ्या त्या सिनेमाशी माझीही दोस्ती तिसऱ्या वेळी झाली. आपल्या मातीतलं हवं असेल तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ आधी बघा. कोकणातला पाऊस, बदलीच्या गावी आलेला मुलगा, गोष्ट सरळ. त्यानंतर अक्षय इंडीकर यांचा ‘स्थलपुराण’. तिथंही मुलगा पुण्याहून कोकणात येतो, पण गोष्ट जवळजवळ नाहीच, नुसत्या जागा आणि त्यांतली शांतता. हे दोन लागोपाठ बघितलेत की सरळ वाट कुठं सुटते आणि आडवाट कुठं सुरू होते ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

लावताना एवढं करा. जेवणानंतर लगेच नको, सगळी आवराआवर होऊ द्या. दिवे मालवा. आवाज मोठा ठेवा. कुणाला चहाला उठावंसं वाटलं तर उठू द्या, नमनातही माणसं उठतात, विडी ओढून परत येतात. आणि शेजारच्या दोन घरांतल्या माणसांना बोलवा. पूर्वी सत्यनारायणाच्या पूजेला भाड्यानं व्हिडिओ आणायचे तेव्हा तिसरा सिनेमा पहाटे तीनला लागायचा आणि तो कुठलाही असला तरी लोक बघायचे. सोबत असली की माणूस टिकतो.

एक विनंती आहे. येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी काकीच्या पडवीत पुन्हा धोतर बांधणार आहोत. लांजा तुम्हाला रत्नागिरीपेक्षा पुष्कळ जवळ. वहिनींना आणि मुलाला घेऊन या. परतीच्या एसटीची काळजी नको, माजघरात गाद्या आहेत, सकाळी पेज आणि खारातली मिरची. येणार असाल तर खाली एक ओळ लिहा, मी पत्ता कळवीन. सिनेमा कुठला ते तुम्ही ठरवा. काकीचं मत विचारलंत तर तिला ‘तो म्हशीचा’ पुन्हा बघायचाय. म्हैस व्याली की नाही, ते तिला अजून कळलेलं नाही.