रांचेरातली दारू विसरण्यासाठी नसते

मेक्सिकोची रांचेरा गाणी म्हणजे बेवड्यांची रडगाणी, असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. गीतकार-गायक होसे आल्फ्रेदो हिमेनेझचं 'एया', म्हणजे 'ती', हे गाणं एकदा नीट ऐका. तिची विनवणी करून थकलेला हा माणूस हालिस्कोच्या रीतीनं दुःख विसरायला बसतो. हालिस्को हा टकीलाचा आणि मारियाचीचा, म्हणजे व्हायोलिन-ट्रम्पेट-गिटारवाल्या वादकांच्या ताफ्यांचा, मुलुख. पण तीच टकीला आणि तेच मारियाची त्याला रडवतात. भरल्या डोळ्यांनी तो तिच्यासोबत शेवटचा प्याला उचलतो, वाजवणारे गप्प होतात, आणि हातातला पेला त्याच्याही नकळत गळून पडतो.

विसरणं राहिलंच की! माझ्या मते रांचेरातली दारू पुरुषाला चारचौघांत रडू देते. एरवी मिशीला पीळ देणारा माणूस कँटीनात, म्हणजे तिथल्या दारूच्या गुत्त्यात, बसून 'मी हरलो' म्हणतो आणि आजूबाजूचे त्याला हसत नाहीत, उलट 'आय-आय-आय' अशी आरोळी ठोकून साथ देतात. त्या आरोळीला ग्रितो म्हणतात. माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

होसे आल्फ्रेदोला नोटेशन येत नव्हतं, वाद्यही वाजवता येत नव्हतं. चाल तो गुणगुणायचा, शिट्टीवर ऐकवायचा, ती कागदावर उतरवायचे दुसरे. 1973 मध्ये, वयाच्या 47व्या वर्षी, यकृताच्या आजारानं गेला. त्याची गाणी मला जिवापाड आवडतात, म्हणूनच हे झाकून ठेवावंसं वाटत नाही.

आणि बायकांचं दुःख? मेक्सिको सिटीतल्या कँटीनांत 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता. पण गायिका चावेला वार्गास त्याआधीपासून पँट घालून, वर होरोंगो, म्हणजे पुरुषी पोंचो, पांघरून, पुरुषांनी बाईसाठी लिहिलेली गाणी एक शब्द न बदलता बाईसाठीच गात होती. ट्रम्पेट नाहीत, व्हायोलिन नाहीत, नुसती गिटार. होसे आल्फ्रेदोबरोबर रात्र-रात्र प्यायलेली ही बाई पुढे दारूपायी कित्येक वर्षं रंगमंचावरून नाहीशी झाली.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला ती परतली ती दारू सोडून, सत्तरी ओलांडून. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. आवाज चिरलेला, लय इतकी संथ की दोन शब्दांमध्ये श्वास ऐकू यावा. ती उतारवयातली रेकॉर्डिंग्ज ऐका. टकीलाचा थेंब नाही, आणि घाव तसाच ओला.