आजचा विसर्ग

भांडी बाजारातल्या दुकानदाराने विचारलं, "काय मोजायचंय ताई? दूध का तेल?"

मी म्हटलं, "पाणी... पाणीच धरा."

"मग हा घ्या." त्याने अर्ध्या लिटरचा प्लॅस्टिकचा जग पुढे केला. एका अंगाला पन्नास-पन्नास मिलीच्या लाल रेघा. "गरम-गार काहीही ओता. ताकालासुद्धा चालतो."

आता त्याला भर दुकानात काय सांगणार, की बाबा रे, या जगाच्या नशिबी ताक नाही!

झालं होतं असं, की दिवाळीपासून मला तिसऱ्यांदा उन्हाळी, म्हणजे लघवीला आग, लागली होती. पहिल्या दोन वेळा सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी पाजलं. मी केमिस्टला हळू आवाजात लक्षणं सांगून गोळ्या आणल्या, आग थांबल्यावर बंद केल्या आणि उरलेल्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवल्या. (उरलेल्या गोळ्यांची आपल्याकडे तीच जागा असते.) तिसऱ्या वेळी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा मुकाट्याने डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी लघवी तपासायला पाठवली, कल्चर केलं. त्यात ई. कोलाय निघाला. हा जंतू आपल्याच आतड्यात गुण्यागोविंदाने राहतो, चुकीच्या दाराने शिरला की मात्र घर डोक्यावर घेतो.

गोळ्यांचा कोर्स पुरा केल्यावर बाईंनी विचारलं, "दिवसातून किती वेळा जाता?"

मी म्हटलं, "ते जागेवर अवलंबून आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पण मी खरं तेच सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याला अख्ख्या नाशिकमधली मिसळ पाठ आहे, कुठला रस्सा काळा, कुठे पापड वरून. मला पाठ आहे ते कडी कुठे लागते, पाणी कुठे येतं, आणि कुठे 'चावी साहेबांकडे आहे' असं उत्तर मिळतं. मेन रोडला लग्नाचा बस्ता बांधायला गेलं की दुकानदार चहा विचारतो, थंड विचारतो. आमच्यातली एकही बाई पेल्याला हात लावत नाही. तिथून सराफ बाजार, मग दहीपूल, म्हणजे पाच तासांची निश्चिंती. त्या दिवशी मी सकाळपासून अर्धा कप चहावर असते. पुण्याला एसटीने जायचं तर आदल्या रात्रीपासून निर्जळी. एकादशीला इतकं कडक पाळलं असतं तर वैकुंठात जागा मिळाली असती.

आणि घरातून निघताना आमचा कुलमंत्र: "जाऊन घ्या गं!" लागलेली असो नसो. आजीने आईला दिला, आईने मला, मी लेकीला.

बाईंनी कागदावर लघवीच्या पिशवीचं चित्र काढलं. मोठ्या माणसाच्या पिशवीत चारशे-पाचशे मिली मावतं. दीड-दोनशेला पहिली चाहूल लागते, पण तेव्हाच पळायची गरज नसते. जागेपणी तीन-चार तासांनी जाणं बरं. "तुमची नळी चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास," त्या म्हणाल्या. मला लगेच पटलं. म्हणजे जंतूंना पुरुषाकडे लांबचं नाशिक रोड गाठायचंय आणि आपल्याकडे शालिमारहून शेजारच्या मेन रोडला यायचंय. म्हणूनच धुताना-पुसताना हात पुढून मागे जायला हवा. हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. पोळी गोल कशी लाटायची हे मात्र आठव्या वर्षी शिकवलं होतं.

"बाहेर गेल्यावर बसता कशा?"

"बसत नाही. अधांतरी असते."

"मांड्या अशा ताणून धरल्या की खालचे स्नायू ढिले होत नाहीत. पिशवी पुरती रिकामी होत नाही, आणि उरलेल्यात जंतूंची सोय होते." मग त्यांनी तीन दिवसांची डायरी लिहायला सांगितली: किती प्यायलात, किती वाजता गेलात, किती मिली झाली. म्हणून तो जग.

डायरी मी फ्रिजवर चुंबकाने लावली, ही चूक झाली. पावसाळ्यात 'गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला' ही बातमी आली की नाशिककर जसा गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) पाणी बघायला जातो, तसा नवरा फ्रिजपाशी जाऊ लागला. "सकाळी ६ वाजता ४२०. वा! ७.१० ला ९०? ७.४० ला ६०? अगं, धरणात पाणी नसताना दरवाजे कशाला उघडतेस?"

ते कुलमंत्राचं फळ होतं. साठ मिलीला पळत राहिलं की पिशवीला तेवढ्यावरच हाक मारायची सवय लागते, असं बाई म्हणाल्याच होत्या. त्याखाली नोंद थेट दुपारी ३.३० ची. मधले आठ तास ऑफिस, तिथे बायकांच्या बाथरूममध्ये जुन्या फायली ठेवल्यात. घरी आल्यावर जग काठोकाठ भरला आणि मोजणी सोडावी लागली. नवऱ्याने पेन्सिलीने शेजारी लिहिलं: 'दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत. नदीकाठच्या रहिवाशांना सतर्कतेचा इशारा.' (गोदाकाठच्या या मारुतीच्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात.)

हसले खरी, पण माझा कारभार त्यात आला होता. घरी मारुतीच्या पायाला पाणी लागायच्या आत दरवाजे उघडायचे आणि बाहेर गळ्याशी आलं तरी बंद!

मग मी लेकीच्या पाठी लागले. ती आठवीत. तिची बाटली रोज भरलेलीच परत येते, हे मला 'थंडी आहे' म्हणून खपत होतं. खोदून विचारल्यावर कळलं, शाळेत दाराला कडी नाही. मैत्रीण बाहेरून दार धरते. त्या मैत्रिणीशी सध्या अबोला होता. म्हणजे दोन मुलींचं भांडण मिटेपर्यंत माझी लेक तहानलेली! पालकसभेत मी हे बोलले तेव्हा वर्ग असा गप्प झाला, जणू मी कोणाचा पगार विचारला. सभा संपल्यावर जिन्यात सात आया मला गाठून हळूच म्हणाल्या, "बरं झालं बोललात." सभेत बोलला असतात तर! पुढच्या आठवड्यात कडी लागली. अबोला अजून आहे, पण बाटली रिकामी येते.

राहिल्या सासूबाई. त्यांना बाथरूममध्ये जग सापडला. "हा इथे काय करतोय? मी शोधत होते, कढीला बेसन कालवायला." मी किंचाळलेच. मग सगळं सांगावं लागलं.

त्या बराच वेळ लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिंक आली की मी पाय का आवळते, तुला वाटतं गुडघे दुखतात?"

पंचवटीचं भजनी मंडळ त्यांनी दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांच्या नावाखाली सोडलं होतं. टाळ मोठ्याने वाजला आणि खोकला आला तर, या धास्तीने.

त्यांना बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, हे नुसतं वय नाही. बाळंतपणांनी आणि वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाने तळाचे स्नायू सैल पडतात, आणि ते पुन्हा घट्ट करता येतात. वारा आणि लघवी एकदम रोखायची असल्यासारखं आत ओढायचं, पाच मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. अमेरिकेतल्या केगेल नावाच्या डॉक्टरांनी हे १९४८ साली मांडलं.

"१९४८?" सासूबाई उसळल्या. "माझ्या जन्माचं साल! हा व्यायाम माझ्याएवढा म्हातारा झाला, आणि मला आत्ता सांगताय?"

आता त्या मालिकेतल्या जाहिराती लागल्या की डोळे मिटून बसतात. नवऱ्याला वाटतं, जप चाललाय. डायरी त्यांनाही लागली, पण माझा जग घ्यायला तयार नव्हत्या. "ज्याचं त्याचं माप वेगळं हवं," म्हणाल्या. गेलो भांडी बाजारात, त्याच दुकानात.

"या आजी. काय मोजायचंय? दूध का तेल?"

"लघवी," सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "रेघा ठळक असलेला दाखव. मला चष्म्याशिवाय दिसायला हवं."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं, आणि फळीवरून जग काढून मुकाट्याने कागदात गुंडाळला. ताकाचं नावही काढलं नाही.