संत्राबागेच्या धुऱ्यावरचा तरोटा खरंच ‘विषमुक्त’ असतो का?

पावसाळा लागला की विदर्भातल्या संत्रापट्ट्यात, वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत, व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं सार असं: संत्राबागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप उगवणारा तरोटा (टाकळा), पाथरी, गुळवेल यांच्यावर कोणी फवारा मारत नाही, म्हणून ते शंभर टक्के विषमुक्त. थोडं उडालंच तर पाऊस धुऊन नेतो. पानाला अळी दिसली की विष नाही असं समजा. तरीही शंका असेल तर मिठाच्या पाण्यात बुडवा.

रानभाज्या खाव्यात, त्याबद्दल भांडण नाही. तरोट्याच्या भाजीशिवाय आमचा पावसाळा सुरूच होत नाही. पण इथे धुरा बागेचा आहे, तिथेच खोट आहे.

‘त्यांच्यावर कोणी फवारत नाही.’ मुद्दाम कोणीच फवारत नाही, हे कबूल. पण तरोटा कोवळा असतो तो जून-जुलैत, आणि नेमकी तेव्हाच संत्र्याला नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते. नवतीवर सायला, नागअळी अशा किडी येतात, म्हणजे पंप निघतो. डोक्यापेक्षा उंच झाडावर गनने वर तोंड करून मारलेला फवारा सगळा पानांवर बसत नाही. बारीक तुषार वाऱ्यावर जातात आणि कडेच्या ओळीपलीकडे धुराच असतो. खुडणीचा आणि फवारणीचा हंगाम एकच, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. बाग कधी पाहिली असेल, तर ती फळं लागल्यावर फोटो काढण्यापुरतीच.

‘पाऊस धुऊन नेतो.’ पानावर बसलेलं औषध पावसाने बरंच कमी होतं, हे खरं. पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं आंतरप्रवाही आहेत: पाण्यात विरघळतात, मुळांतून वर चढतात, पानात, फुलात, परागात पोचतात. जमिनीत ती काही आठवडे टिकतात, कधी वर्षाहूनही जास्त. मग पावसाने नेलेलं पाणी जातं कुठे? उताराने धुऱ्याकडे आणि नाल्याकडे. तिथेच तरोट्याची मुळं असतात. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली छापलेलं काम इथे मोलाचं आहे. तिथे मोहरीच्या कुळातल्या पिकाच्या बियाण्याला या गटातली औषधं लावलेली होती, आणि ती शेताच्या कडेच्या रानफुलांच्या परागात सापडली. मधमाश्यांनी पोळ्यात आणलेल्या परागातून या औषधांचा जेवढा अंश आला, त्यातला 97 टक्के रानफुलांमधून आलेला होता, पिकातून नव्हे. युरोपीय संघाने 2018 मध्ये या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मुख्यतः मधमाश्यांसाठी.

‘अळी दिसली म्हणजे विष नाही.’ हा तर्क ऐकायला फार गोड आहे. पण इमिडाक्लोप्रिड मुख्यतः सायला, मावा, तुडतुडे अशा रस शोषणाऱ्या किडींवर चालतं. पान कुरतडणाऱ्या अळीवर त्याचा जोर फारसा नाही. अळी मजेत खात बसली म्हणून तिथे ते औषध नाही, असं म्हणता येत नाही. फुलावर मधमाशी दिसणं हाही दाखला नव्हे. थोडक्या मात्रेने ती जागेवर मरत नाही; फ्रान्समधल्या 2012 च्या प्रयोगात थायामेथोक्झाम दिलेल्या माश्यांपैकी बऱ्याच पोळ्यात परतल्याच नाहीत.

‘मिठाच्या पाण्यात बुडवा.’ वरवरचं काही निघेल. ते काम साध्या वाहत्या पाण्यानेही होतं. पानाच्या आत गेलेलं मिठाला घाबरून बाहेर येत नाही. तरोटा उकळून पाणी फेकून देण्याची आपली जुनी रीत त्यापेक्षा बरी, कारण पाण्यात विरघळणारं थोडंफार त्याबरोबर जातं.

गुळवेलीचं मात्र उलटं आहे. तिचं पाणीच आपण काढा म्हणून पितो. त्यात ही वेल बागवाल्याच्या नजरेत गुन्हेगार असते: संत्र्यातून रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून धुऱ्यावरच्या या वेली काढून टाका असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. उपटायला माणूस मिळाला नाही की तिच्यावर पंपही फिरू शकतो. करोनात काढ्यासाठी लोक वाटेतली दिसेल ती गुळवेल तोडत होते. ती कुणाच्या बागेच्या कडेची, हे विचारलं कोणी?

याचा अर्थ धुऱ्यावरच्या प्रत्येक पानात विष आहे, असाही नाही. किती उतरतं ते औषधावर, मातीवर, उतारावर आणि फवारणीला किती दिवस झाले त्यावर ठरतं, आणि डोळ्यांनी ते दिसत नाही. म्हणून ‘शंभर टक्के’ हा दाखला व्हॉट्सॲपवरून देता येत नाही. बाजारात वाटे लावून बसणाऱ्या बाईलाही यात दोष देऊ नका. टाकीत काय कालवलं हे तिला कोणी सांगत नाही.

खुडायचंच तर पडीतला, जंगलाकडचा तरोटा खुडा. बागेजवळचाच घ्यायचा असेल तर मालकाला विचारा, काय मारलं आणि कधी. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात औषध ओतलं असेल तर ती बाग त्या हंगामापुरती सोडा. पावसाळी वारा आपल्याकडे बहुधा पश्चिमेचा, तेव्हा बागेच्या पूर्वेकडचा आणि उताराकडचा धुरा आधी टाळा.